इंग्लिशचे अवघड शब्द पाठ होतात, पण वापरायला गेलं की फजिती होते. काय करावं?

खानापूरचा_गडी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहालोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी खानापूर तालुक्यातला, एसएसएलसीपर्यंत (म्हणजे दहावी) मराठी मिडियम, मग पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीकॉम बेळगावात येऊन-जाऊन केलो. दीड वर्ष झालं बँकेच्या परीक्षा द्यायलोय आणि मधेमधे प्रायव्हेटचे इंटरव्ह्यू पण. गणित, रीझनिंग ठीक हाय, गाडी अडते ती इंग्लिशमधे आणि त्यातबी त्या अवघड शब्दांत. क्लासमधनं एक पीडीएफ मिळाली होती, अकराशे शब्द, डावीकडं इंग्लिश, उजवीकडं मराठी, एका शब्दाला एक अर्थ. अख्खा पावसाळा ती पाठ केलो. बसमधे जागा मिळाली की मोबाईल काढायचा आणि बेळगाव येईपर्यंत घोकत बसायचं, शेजारचे आजोबा एकदा विचारले पण, बाळ कसलं स्तोत्र म्हणालायस म्हणून.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. एका फायनान्स कंपनीचा इंटरव्ह्यू होता. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर मी छाती काढून सांगितलो, आय ॲम अ डिलिजंट अँड ऑब्सीक्वियस पर्सन. पीडीएफमधे ऑब्सीक्वियस म्हणजे आज्ञाधारक असंच दिलेलं, आजबी तसंच हाय. समोरच्या मॅडम एकदम थांबल्या, बाजूच्या सरांकडं बघितल्या आणि मग विचारल्या, आमच्याशी पण ऑब्सीक्वियस राहणार काय? मी म्हटलो येस मॅडम, ऑलवेज. दोघंबी खाली बघून हसायले. मला वाटलं इंप्रेस झाले. घरी येऊन मोबाईलवर नीट बघितलो तर लाळघोट्या असा अर्थ. म्हणजे मी भर इंटरव्ह्यूत सांगून आलो की मी कष्टाळू आणि लाळघोट्या हाय, आणि तुमच्यासमोरबी कायम तसाच राहीन.

नोकरी मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

तर मला विचारायचंय असं, की अर्थ मराठीत लक्षात ठेवू, कन्नडमधे, का सरळ इंग्लिशमधेच? आणि पाठ केलेलं पंधरा दिवसांत निम्मं उडून जातंय त्याला काय करायचं? आणि मुळात किती शब्द झाले की बस झालं म्हणायचं? कुणी या वाटेनं गेलेलं असंल तर सांगा.

सरळसोट_माणूस

आधी ती पीडीएफ डिलीट कर. दुसरं, इंटरव्ह्यूत ओबिडियंट म्हटलं असतंस तरी चाललं असतं, हार्डवर्किंग म्हटलं असतंस तर अजून बरं. अवघड शब्द वाचताना कळायला पाहिजेत, बोलताना काढायचे नसतात. आपल्याकडं लोकांना वाटतं मोठा शब्द टाकला की समोरचा गार. समोरचा गार होतो पण वेगळ्या कारणानं.

निपाणीचे_मास्तर

बाळा, तुझा किस्सा वाचून हसलो, पण नंतर वाईटही वाटलं कारण चूक तुझ्यापेक्षा त्या यादीची जास्त आहे. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, आता घरी असतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचायचं तर चहा घेऊन बस.

ऑब्सीक्वियस म्हणजे आज्ञाधारक हे अगदीच खोटं नाही, फक्त जुनं झालंय. लॅटिनमध्ये ऑब्सेक्वी म्हणजे मागोमाग जाणं, म्हटलेलं ऐकणं. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजीत हा शब्द बऱ्या अर्थानेही चालायचा. पुढे त्यात लाळ घोटणं शिरलं आणि आता तेवढंच उरलं. सीक्वेल, सीक्वेन्स, कॉन्सिक्वेन्स ही सगळी त्याच घरातली मंडळी, एकामागून एक येणारी. गंमत अशी की संस्कृतात सोबत असणं या अर्थाचा सच् धातू आहे, त्यावरून सचिव आला, आणि तो या लॅटिन शब्दाचा लांबचा भाऊ लागतो. म्हणजे तू मंत्रालयाच्या वाटेवर होतास, थोडक्यात हुकलं.

हे आपल्या मराठीतही होतं की. दादा म्हणजे थोरला भाऊ, आणि गल्लीतला दादा म्हणजे कोण ते तुला माहीत आहे. परक्या माणसाने डिक्शनरी बघून आपल्या तहसीलदाराला "तुम्ही मोठे दादा आहात" म्हटलं तर जे होईल ते तुझं झालं.

मग उपाय काय? शिकणाऱ्यांसाठी बनवलेली डिक्शनरी वापर. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा केंब्रिजची, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात अर्थाच्या आधी बारीक अक्षरात एक शेरा असतो, डिसअप्रूव्हिंग, फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ह्युमरस असा. ऑब्सीक्वियसच्या पुढे फॉर्मल आणि डिसअप्रूव्हिंग दोन्ही आहेत. हा एक शब्द तू वाचला असतास तर त्या मॅडम हसल्या नसत्या. अर्थाच्या आधी शेरा बघायचा, सातबारा बघताना इतर हक्काचा रकाना बघतात तसा, खरी भानगड तिथे असते.

आणि मराठी अर्थाचं म्हणशील तर माझं मत जरा उलटं आहे. हल्लीचे क्लासवाले सांगतात मराठी डोक्यातून काढून टाका, इंग्लिशमध्येच विचार करा. मला ते पटत नाही. मराठीत आपल्याकडे छटांचा खजिना आहे, पण यादी करणारा माणूस त्यातला सगळ्यात गुळगुळीत शब्द उचलतो. टॅसिटर्न, रेटिसेंट, लॅकॉनिक या तिन्हींपुढे मितभाषी असं लिहून मोकळा होतो. आता बघ. टॅसिटर्न म्हणजे आपला घुम्या, स्वभावानेच तोंड न उघडणारा. रेटिसेंट म्हणजे हातचं राखून बोलणारा, बोलू शकतो पण सांगायचं नाही. लॅकॉनिक म्हणजे बोलतो, पण मोजक्या शब्दांत काम उरकतो. हा शब्द ग्रीसमधल्या लॅकोनिया या प्रदेशावरून आला, तिथली स्पार्टाची माणसं तुटक बोलण्यासाठी प्रसिद्ध होती. तीन वेगळी माणसं, आणि तिन्ही तुझ्या गावात सापडतील.

तसंच फ्रुगल आणि पार्सिमोनियस. दोन्हीला यादीत काटकसरी लिहितात. फ्रुगल तुझी आजी, पार्सिमोनियस तो सावकार जो पाहुण्याला अर्धा कप चहा देतो. एक काटकसरी, एक चिक्कू. टेनेशस चिकाटीचा, ऑब्स्टिनेट आडमुठा. तेव्हा मराठी अर्थ जरूर घे, पण पुस्तकी मराठीतला घेऊ नकोस, घरात भांडताना जो शब्द तोंडात येतो तो घे.

पाऊस घे. तू खानापूरचा, तुला पाऊस काय सांगायचा. टॉरेन्शियल म्हणजे धो धो, ड्रिझल म्हणजे भुरभुर, आणि इन्सेसंट म्हणजे कणकुंबीला आठ आठ दिवस लागते ती झड. थांबायचं नावच नाही. हा शब्द आता तू विसरून दाखव.

खानापूरचा_गडी

सर, इन्सेसंट खरंच बसला डोक्यात. आमच्याकडं झड लागली की आई चुलीवर कपडे वाळवायची, तेच दिसलं. पीडीएफमधे त्याला "सतत" लिहिलेलं. सतत काय, सतत तर मोबाईल पण बघतो मी.

सचिवाचं घरी सांगितलो, बाबा म्हणाले मग पुढच्या वेळी तेच सांग.

चिकोडी_कॅशियर

मी सरांसारखं खोलात नाही जात, मला परीक्षेचं माहीत हाय तेवढं सांगतो, तीन वेळा आपटून चौथ्यांदा लागलोय त्यामुळं अनुभव भरपूर. आयबीपीएस म्हणजे बँकभरतीची परीक्षा, तिच्या प्रिलिममधे, म्हणजे पहिल्या फेरीत, इंग्लिश ३० प्रश्न, ३० मार्क, वेळ २० मिनिटं, चुकलं की पाव मार्क कट. त्यात अमुक शब्दाचा अर्थ काय असं सुटं क्वचित विचारतात, बाकी सगळं उताऱ्यात, गाळलेल्या जागेत, वाक्याची जुळवाजुळव, चूक शोधा, म्हणजे शब्द वाक्यात बसवता आला पाहिजे, अर्थ तोंडपाठ असून काय उपयोग न्हाई. मी पण पहिल्या वर्षी यादीच्याच मागं होतो आणि कॅकोफोनी, डिफेनेस्ट्रेशन असले शब्द पाठ केलो, डिफेनेस्ट्रेशन म्हणजे माणसाला खिडकीतनं बाहेर फेकणं, बँकेत कधी गरज लागली न्हाई, वाटलं मात्र लई वेळा.

मग एका सिनियरनं सांगितलं की रोज इंग्लिश पेपरचं एकच संपादकीय वाच आणि त्यातले पाचच शब्द घे, सहावा घ्यायचा न्हाई. दोन महिन्यांत कळलं की तेच तेच शब्द फिरून येत असतात. कर्ब, मिटिगेट, स्ट्रिंजंट, प्लमेट, अक्रू, लिक्विडिटी. बँकेच्या परीक्षेचा उतारा बी तिथलाच असतो जवळजवळ. आणि ज्या शब्दाला घटना चिकटली तो सुटत न्हाई, मॉरेटोरियम हा शब्द मार्च २०२० च्या आधी आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हता, रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्याला मुभा दिली आणि महिन्याभरात ट्रॅक्टरवाले म्हातारे पण विचारायले, मॉरेटोरियम हाय न्हवं अजून? ते काय पीडीएफ वाचले नव्हते. अक्रू म्हणजे व्याज चढणं, त्यांना तो अनुभव त्याच काळात आला, हप्ता थांबला पण व्याज अक्रू होत राहिलं.

आता विसरण्याचं. एबिंगहाउस म्हणून एक जर्मन माणूस होता, त्यानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून पुस्तक काढलं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, पहिल्या तासाभरात, पहिल्या दिवसात, नंतर वेग कमी होतो. म्हणजे तू पंधरा दिवसांनी उजळणी करालायस तेव्हा घर जळून गेल्यावर पाणी मारल्यासारखं हाय. त्याच दिवशी रात्री एकदा, मग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, असं अंतर वाढवत न्यायचं. त्यासाठी अँकी म्हणून ॲप हाय, अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. मी मात्र ॲप वापरलो न्हाई, मोबाईल हातात घेतला की मी क्रिकेट बघतो, स्वतःची लायकी माणसाला माहीत पाहिजे. मी कुंद्याचे, म्हणजे आपल्या बेळगावच्या मिठाईचे, रिकामे बॉक्स घेतलो, पाच. लग्नसराईत घरात पडलेलेच असतात. चिठ्ठीवर एका बाजूला शब्द, मागं वाक्य. नवीन चिठ्ठी पहिल्या बॉक्समधे, बरोबर आली की पुढच्या बॉक्समधे, चुकली की कुठल्याबी बॉक्समधनं परत पहिल्यात. पहिला बॉक्स रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, पाचवा महिन्यातनं एकदा. ही पण काय माझी आयडिया न्हवं, लाइटनर म्हणून एकानं १९७२ ला पुस्तकात लिहिलेली हाय, फक्त त्याच्याकडं कुंदा नव्हता.

एक सांभाळ, चिठ्ठीच्या मागं अर्थ लिहू नको, वाक्य लिही, आणि ते वाक्य तुझ्या घरातलं पाहिजे. माझी स्ट्रिंजंटची चिठ्ठी अशी होती की माय फादर्स रूल्स अबाउट टीव्ही आर मोर स्ट्रिंजंट दॅन आरबीआय.

आणि हो, क्लार्कची जागा कर्नाटकातनं भरणार असशील तर कन्नड लिहायला-वाचायला यायला पाहिजे, स्थानिक भाषेची अट असते. इंग्लिशच्या नादात ते राहून जातंय आपल्या लई पोरांचं.

सरळसोट_माणूस

आला कन्नडचा विषय. आता दोनशे रिप्लाय पडणार.

चिकोडी_कॅशियर

काय पडत न्हाईत. नोकरी पाहिजे का भांडण ते ठरवा. भांडायला दुसरा धागा हाय, तिथं मी पण येतो की.

शहापूरची_अक्का

मी बेळगाव शहापूरची, आता सात वर्षं बेंगळूरला आयटीत. आधीच सांगून ठेवतो, मी मुलगी हाय, आमच्याकडं पोरीबी मी येतो, मी जातो असंच म्हणतात, पुण्याची एक कलीग अजून त्यावरनं हसते.

गड्या, मला तुला एकच विचारायचंय, तू कन्नड कसं शिकलास? खानापूरचा हायस म्हणजे बोलायला तर येत असणार. कुणी तुला पीडीएफ दिलं होतं काय? कंडक्टर "मुंद होगरी" म्हणून ओरडला, सगळे पुढं सरकले, तू पण सरकलास, झालं, मुंद म्हणजे पुढं. बाजारात "एष्टु री" (कितीला) ऐकलास, "बेड" (नको) ऐकलास, "स्वल्प कम्मी माडरी" (थोडं कमी करा) म्हणून आई घासाघीस करताना ऐकलास. आणि सुम्ने घे. सुम्नेचा मराठी अर्थ सांग बघू एका शब्दात. कशाला आलास विचारलं तर सुम्ने, म्हणजे सहज. सुम्ने ओरडालाय, म्हणजे उगाच. सुम्नीर म्हटलं की गप्प बस. तीन ठिकाणी तीन अर्थ, पण तू कधी चुकलास काय वापरताना? न्हाई चुकणार, कारण तू तो अर्थासकट न्हाई, प्रसंगासकट उचललायस. आपण सीमाभागातली पोरं हे लहानपणापासनं करतो आणि इंग्लिश आलं की वही काढून मधे रेघ मारून दोन रकाने करतो, काय झालंय आपल्याला?

मी पण तसंच करायचो. पीयूसीला मराठी मिडियममधनं गेलो, पहिले सहा महिने वर्गात काय चाललंय कळायचं न्हाई, रात्री शब्द लिहून रडायचो. फरक पडला तो कधी, मी इंग्लिश कॉमेंट्री आणि नंतर कोर्टातले सिनेमे बघायला लागलो तेव्हा. ऑब्जेक्शन, सस्टेन्ड, ओव्हररूल्ड. सस्टेन म्हणजे टिकवणं एवढंच माहीत होतं, पण जजनं सस्टेन्ड म्हटलं की वकील खाली बसतो की उभा राहतो हे बघितल्यावर समजलं, हरकत मान्य.

आणि शब्दाची संगत बघायची. इंग्लिशमधे पण शब्दांची सोयरीक ठरलेली असते. हेवी रेन म्हणतात, स्ट्राँग रेन न्हाई म्हणत, पण चहा स्ट्राँग असतो, हेवी नसतो. आपल्याकडं पण चहा कडक आणि पाऊस मुसळधार, उलटं करून बघ. मी एका मेलमधे "आय विल परपेट्रेट द टास्क" लिहिलेलो, डिक्शनरीत टु कॅरी आउट असं होतं म्हणून. परपेट्रेटच्या पुढं क्राइम, फ्रॉड, असलंच काहीतरी येतं. टीम लीडनं उत्तर पाठवलं, प्लीज डोन्ट. तुझ्या लाळघोट्याला माझा गुन्हेगार, चल बरोबरी झाली.

उच्चार पण ऐकत जा. एपिटोमी मी चार वर्षं एपिटोम म्हणत होतो.

खानापूरचा_गडी

अक्का, सुम्नेचं लई भारी सांगितलीस. खरंच मी कधी विचारच केलो न्हवतो, कन्नडची वही माझ्याकडं कधी नव्हतीच. पण एक अडचण हाय, कन्नड बाजारात ऐकायला मिळतंय, इंग्लिश माझ्या गावात बोलणार कोण? आणि मास्तर, किती शब्द ते राहिलं.

निपाणीचे_मास्तर

अक्काने जे सांगितलं ते मला एकतीस वर्षांत इतकं सोपं करून सांगता आलं नाही. बोलणारं कोणी नसलं तर वाचन हाच बाजार. तिथेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, वेगवेगळ्या कपड्यांत.

कितीचं उत्तर आहे. पॉल नेशन हे शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले अभ्यासक, त्यांनी २००६ साली हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसायसिव्ह हे सगळं मिळून एक. घाबरू नकोस, त्यातले पहिले दोन-तीन हजार तुला येतातच, नाहीतर बीकॉम झाला नसतास. त्यानंतर एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेली ५७० कुटुंबांची अकॅडमिक वर्ड लिस्ट बघ, अभ्यासाच्या पुस्तकांत कुठल्याही विषयात येणारे शब्द आहेत त्यात. तुझ्या अकराशेपेक्षा ते ५७० जास्त कामाला येतील. पण तेही दोन रकान्यांत नको.

एक गोष्ट मात्र पाठांतराची आहे आणि ती जरूर कर, मुळं. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एका उगमातून निघालेल्या दिसतात. ते आपल्या पथ्यावर पडलं. वाक् म्हणजे वाणी, लॅटिनमध्ये व्हॉक्स. त्यावरून व्हॉसिफरस, आवाज चढवून बोलणारा, आणि इक्विव्होकल, दोन्हीकडे सारखंच बोलणारा, म्हणजे कुठल्याच बाजूला न सापडणारा. लघु आणि लॅटिन लेव्हिस हेही भाऊ, दोघांचा अर्थ हलका. त्यावरून अलेव्हिएट, दुखणं हलकं करणं, आणि लेव्हिटी, गंभीर जागी केलेला हलकेपणा. अग्नी आणि इग्नाइट, मृत आणि मॉर्टल, दंत आणि डेंटिस्ट. पण हा नाद वाढवू नकोस, दिसायला सारखं ते सगळं नातं नसतं, आमच्या एका सहकाऱ्याने वर्गात कस्टमर हा कष्टमर यावरून आला असं सांगितलं होतं आणि पोरांनी ते लिहूनही घेतलं.

अजून एक पदर. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच शिरली, वर विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून एकाच गोष्टीला तीन शब्द. घरातलं आस्क, दरबारातलं क्वेश्चन, पोलिसी थाटाचं इंटरॉगेट. बिगिन घरचा, कमेन्स दरबारी. मराठीतही तेच, सुरू करतो आणि आरंभ करतो. "मी जेवणास आरंभ करतो" असं कुणी पंगतीत म्हटलं तर काय वाटेल? आपली पोरं अर्जात आणि बोलण्यात कमेन्स, रिक्वेस्ट, काइंडली यांचा जो आरंभ करतात तो तसाच ऐकू येतो.

कुंदा_प्रेमी

विषयाला धरून न्हाई पण सांगू काय, इंग्लिशला आपणबी शब्द दिलेत. मंगूस हा मराठी मुंगुसावरनं गेलाय, मधे पोर्तुगीजांचा हात हाय म्हणतात. लहान असताना आमच्या वाड्यात मुंगूस यायचं, तेव्हा माहीत असतं की ते इंटरनॅशनल हाय तर दूध ठेवलं असतं.

निपाणीचे_मास्तर

विषयालाच धरून आहे. अजून एक घ्या, सुपारीला इंग्रजीत अरेका म्हणतात. तो मल्याळममधल्या अडक्कावरून पोर्तुगीजांमार्फत गेला. कन्नडमध्ये सुपारी म्हणजे अडिके. आणि आपण सुपारी कशाने कातरतो? अडकित्त्याने, तो कन्नडमधूनच आपल्याकडे आला. म्हणजे आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आणि इंग्रजी डिक्शनरीतला अरेका एकाच झाडाचे.

मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आहे, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो. घरातला एखादा अस्सल शब्द घालून बघा, काय एकेक इंग्रजी प्रतिशब्द सापडतात. फक्त ते इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, खानापूरकरांनी तिथून उचलून इंटरव्ह्यूला जाऊ नये.

सरळसोट_माणूस

नाहीतर परत ऑब्सीक्वियस.

खानापूरचा_गडी

मंडळी, महिन्यानं परत आलोय. पीडीएफ डिलीट केलो न्हाई अजून, पण उघडलो पण न्हाई. कुंद्याचे बॉक्स तीनच मिळाले, दोन काजूकतलीचे लावलोय, चालतंय. रोज पाच शब्द घ्यायचं ठरवलेलो, जमतात तीन, लावणी चालू हाय घरात. पहिल्या चिठ्ठीवर अर्थातच आपला दोस्त, मागं वाक्य लिहिलोय, द सरपंचेस न्यू असिस्टंट इज सो ऑब्सीक्वियस दॅट ही होल्ड्स द अंब्रेला इव्हन इनसाइड द ऑफिस. कुणाबद्दल ते विचारू नका.

परवा एक गंमत झाली, संपादकीय वाचताना परव्हेसिव्ह आला, डिक्शनरीत डिसअप्रूव्हिंग शेरा काय दिसला न्हाई, पण वाक्य बघितलं तर करप्शनला लावलेला. मग अजून दोन वाक्यं शोधलो, एकात वास, एकात भीती. चांगल्या गोष्टीला कोण लावलेलं दिसलं न्हाई. म्हणजे संगत बघायची ती हीच न्हवं अक्का?

शहापूरची_अक्का

हीच की. एकदा असं बघायची सवय लागली की सुटत न्हाई बघ. चिठ्ठीतलं वाक्य एक नंबर, फक्त तो सरपंच हे वाचत नसला म्हणजे झालं.

कुंदा_प्रेमी

जाता जाता एक शंका. गूसचं गीस होतं, मग दोन मुंगसं असली तर मंगीस म्हणायचं काय?

निपाणीचे_मास्तर

मंगूसेस. त्याचा बदकाशी काही संबंध नाही, ते आपल्या वाड्यातलं आहे.

चिकोडी_कॅशियर

सर, गूस म्हणजे बदक न्हवं, हंस.

निपाणीचे_मास्तर

बरोबर, बदक म्हणजे डक. माझी चिठ्ठी पहिल्या बॉक्समध्ये टाका.